जयपूरचं वेटिंग क्लिअर झालं नाही म्हणून ठाणे पाहिलं

तर झालं असं की प्रजासत्ताक दिनाला जोडून शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मिळत होते आणि जयपूरचा प्लॅन पक्का होता, आमेर किल्ला, हवामहल, जंतरमंतर सगळं ठरलेलं, त्यासाठी मी खास सेकंडहँड डीएसएलआर पण घेतला, १८-५५ ची किट लेन्स आणि सोबत एक झूम, बायको म्हणाली मोबाईल काय वाईट आहे, पण असो. तिकीट वेटिंग चौदावर येऊन जे थांबलं ते चार्ट लागेपर्यंत हललं नाही. बायको आणि पोरगी वैतागून बदलापूरला सासूबाईंच्या बहिणीकडे निघून गेल्या. पण आमच्याबरोबर जयपूरला यायचं म्हणून माझा मेव्हणा आदल्या संध्याकाळीच चंद्रपूरहून निघालेला, तो गाडीत बसल्यावर चार्ट लागला, आता त्याला काय सांगणार. म्हटलं ये बाबा, तुला आमचं ठाणं दाखवतो.

फोनवर दोन सेकंद शांतता. मग, "भाऊजी, ठाण्यात का आहे पाहायले?"

खरं सांगू का, मला पण नक्की माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं झाली मला इथे, त्यातली बावीस सकाळी ७.४८ पकडण्यात गेली. पण एकदा बोलून बसलो होतो.

दिवस पहिला, शुक्रवार

मेव्हण्याला घ्यायला स्टेशनला गेलो ते कॅमेरा गळ्यात अडकवूनच. म्हटलं सुरुवात इथूनच करू, कारण भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून दुपारी ३.३५ ला सुटली ती इथेच आली होती, १४ डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. चौतीसेक किलोमीटरसाठी तीन इंजिनं! मेव्हण्याला प्लॅटफॉर्मवरच हे सगळं ऐकवलं, तो बॅग सांभाळत म्हणाला, "मग ते पाहुणे बसून आले असन, तुमच्यासारखे लटकून नाई." बरोबर आहे त्याचं.

फोटोसाठी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि एक वर्दीतले गृहस्थ आले. अगदी शांतपणे म्हणाले, साहेब मोठा कॅमेरा आत ठेवा, परवानगी लागते, मोबाईलने काढा काय काढायचं ते. मी म्हटलं हो हो. बॅगेत ठेवला. म्हणजे ट्रिपच्या पहिल्या दहा मिनिटांत, जिथे देशातली पहिली गाडी आली तिथला माझा स्कोअर शून्य.

संध्याकाळी तलावपाळीला गेलो. मासुंदा तलाव असं खरं नाव, पण आमच्याकडे कोणी मासुंदा म्हणत नाही, "पाळीवर भेटू" एवढंच. संध्याकाळी तिथे अख्खं ठाणं असतं, पेडलबोटी, मधोमध शंकराचं छोटं देऊळ, काठावर भेळवाले, कणीसवाले, आणि रंगायतनच्या बाजूला नाटकाला उशीर झालेली माणसं पळत असतात. लाइट मस्त होता, पाण्यात दिव्यांचे रंग पडलेले, मी धडाधड पंचवीस-तीस क्लिक केले आणि मग स्क्रीनवर बघतो तर कार्ड लॉक्ड! त्या मेमरी कार्डच्या बाजूला एक टिचभर खटका असतो, तो खाली सरकलेला, कॅमेरा बिचारा केव्हाचा सांगत होता, मीच वाचलं नाही. मेव्हणा इतका हसला की भेळवाल्याने वळून पाहिलं. खटका वर केला तोवर सूर्य कोपिनेश्वराच्या मागे... नाही, कोपिनेश्वर तलावाच्या पूर्वेला, सूर्य तिकडे कसा जाईल. पश्चिमेला, येऊरच्या डोंगराच्या बाजूला गेला सूर्य. हे असं सव्वीस वर्षं राहून माझं दिशाज्ञान.

मग कोपिनेश्वर मंदिर. जांभळी नाक्याच्या बाजाराच्या गर्दीतून आत शिरलं की एकदम आवाज कमी होतो, हे मला लहान पोरासारखं आवडतं. मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात, ठाणे ही त्यांची राजधानी, तेव्हाचं नाव श्रीस्थानक. पोर्तुगीज गेल्यावर मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली ते नव्याने बांधलं. आत शिवलिंग एवढं मोठं आहे की पहिल्यांदा बघणारा माणूस दोन पावलं मागे सरतो, मेव्हणा पण सरला. आवारात ब्रह्मदेव आहे, राम आहे, मारुती आहे, शीतलादेवी आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते ती इथूनच. मी हळूच कॅमेरा उचलला, गाभाऱ्यातल्या गुरुजींनी मान पण वर केली नाही, नुसता तळहात दाखवला. ठेवला खाली.

बाहेर फुलवालीचा फोटो काढला, विचारून. झेंडूचे ढीग आणि मागे पिवळा बल्ब. तो मात्र जमलाय.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी मामलेदारची मिसळ. तहसीलदार कचेरीच्या दारात, म्हणून मामलेदार. उभं राहायला जागा मिळाली की नशीब. मेव्हण्याने पहिल्याच घासाला विचारलं, "तर्री पोह्यावर नाई घेत का इकडे?" मी म्हटलं गप खा. दुसऱ्या प्लेटला तो गप होता.

तिथून चालत टेंभी नाका. टेंभी नाका म्हटलं की आपल्याला नवरात्र आठवतं, पण तिथेच, सिव्हिल हॉस्पिटलच्या जवळ, ज्यूंचं सिनेगॉग आहे, शार हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ सालचं. मी त्याच्यासमोरून किती वेळा गेलो असेन, सिव्हिलला सासऱ्यांना अॅडमिट केलं होतं तेव्हा तर दिवसातून चार वेळा, पण हे काय आहे असा प्रश्न डोक्यात आला नाही कधी. आता आलो मुद्दाम, तर दार बंद. दारावरचे काका म्हणाले, आज शनिवार, आज पाहुण्यांना नाही, प्रार्थनेचा दिवस आहे, आणि इतर दिवशी पण आधी विचारून, ओळखपत्र घेऊन या.

आणि इथे मला माझंच हसू आलं, कारण आदल्या रात्रीच मेव्हण्याला मोठ्या थाटात सांगत होतो की आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, लोकांना शनवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. शनवार तेली! आणि मी त्यांच्या दारात गेलो तो नेमका शनिवारी. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, घाणा बंद हाय."

तरी त्या काकांशी दहा मिनिटं गप्पा झाल्या रस्त्यावरच. या लोकांची परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, आणि मग कोकणातल्या गावोगावी ती पसरली, गावावरून आडनावं घेतली, पेणकर, तळकर अशी, म्हणजे आपल्यासारखीच. बोलणं मराठी. नवस फेडायचा झाला किंवा घरात शुभकार्य असलं की मलिदा करतात, गोड पोहे, नारळ आणि फळं, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे त्यांच्या एका संदेष्ट्याच्या, नावाने. पोहे म्हटल्यावर मेव्हण्याने लगेच कान टवकारले. पुढे बरेच जण इस्रायलला गेले, आता इथे थोडी घरं उरलीत. फोटो मी फाटकाचा पण नाही काढला. सिक्युरिटीची जागा, उगाच कशाला.

नंतर परत तलावाच्या काठाला, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. पोर्तुगीज काळापासूनची ही जागा, बाजूला शाळा, शनिवारचा अर्धा दिवस सुटला होता आणि पोरं दप्तरं टाकून क्रिकेट खेळत होती. बाहेरून फोटो काढले, आत एका बारशाची, म्हणजे त्यांच्यात बाप्तिस्मा म्हणतात, तयारी चाललेली, गेलो नाही. बाकावर बसून मेव्हण्याला सांगितलं की पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले आणि त्यांच्यामागून इटलीतला ओडोरिक नावाचा साधू इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्या घेऊन तो पार चीनला गेला. आणि त्याच्याही आधी मार्को पोलोने ठाण्याचं राज्य, इथला कातड्याचा व्यापार, समुद्रावरचे चाचे, हे सगळं लिहून ठेवलंय. मेव्हणा म्हणाला, "म्हणजे सगळे येऊन लिहून गेले, तुम्हीच नाई लिवलं."

आता बोला.

दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ ची संस्था, ती काढणाऱ्यांत वि. ल. भावे होते, महाराष्ट्र सारस्वत लिहिणारे. इथे फोटोला हरकत घ्यायला कोणी आलं नाही, पण वाचनकक्षात सात-आठ म्हातारे पेपरमध्ये अशी नाकं खुपसून बसले होते की शटरचा आवाज करायची माझीच हिंमत झाली नाही. डीएसएलआरचा तो खटॅक आवाज. दोन पेपर वाचून परत आलो. मेव्हण्याला झोप लागली होती खुर्चीत.

दिवस तिसरा, रविवार

हा दिवस खरा. म्हणजे मी ज्यासाठी हे लिहायला बसलो तो.

ठाण्याला किल्ला आहे. हे वाक्य मी मेव्हण्याला म्हटलं तर तो हसला, कारण त्यांच्या चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट आहे, शहराला वेढा घालून, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे, लहानपणापासून त्याच दरवाजांतून सायकल मारत गेलेला तो माणूस. "कुठी आहे तुमचा किल्ला, दाखवा." आणि मी त्याला कोर्ट नाक्यावरून चालवत नेलं आणि बोट दाखवलं. ठाणे सेंट्रल जेल.

हाच किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरता व्हायच्या आत १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी घेतला, चिमाजी अप्पांची साष्टीची मोहीम ती, मग डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पुढे त्याचं जेल झालं ते आजतागायत. सगळ्या गावांत किल्ला पडला, ओस गेला, आमचा अजून चालू आहे, रोज हजेरी घेतात. त्यामुळे बघायला मिळत नाही. बाहेर पाटी, फोटो काढण्यास सक्त मनाई, आणि पाटीजवळ उभ्या असलेल्या शिपायाने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप लेन्सचं झाकण लावलं.

मग आम्ही चालत कळव्याच्या पुलावर गेलो. तिथून खाडी दिसते, तिवरं, ओहोटीचा काळा चिखल आणि त्याचा तो वास जो ठाणेकराला येत नाही आणि पाहुण्याला पहिल्यांदा येतो, जुन्या दगडी पुलाच्या कमानी, पलीकडे रेल्वेचा पूल, गाडी १८५३ ला ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ही खाडी ओलांडून कल्याणला गेली. आणि या बाजूला झाडांच्या वरून तटाची भिंत. पुलाच्या कठड्याला टेकून मी सांगायला लागलो आणि मेव्हणा पहिल्यांदाच मध्ये बोलला नाही.

१७८७ मध्ये या किल्ल्यात काही बांधकामासाठी खणताना ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७. ते वाचले गेले, इंग्रजीत छापले गेले. एक हजार वर्षांपूर्वीचं दानपत्र, कोणाला कुठली जमीन दिली, सीमा काय, सगळं व्यवस्थित, आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही.

मग त्रिंबकजी डेंगळे. पेशव्यांचा माणूस. १८१५ मध्ये पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला त्यात इंग्रजांनी त्याला धरला आणि ठाण्याच्या किल्ल्यात आणून टाकला, पहारा सगळा गोऱ्या सोल्जरांचा, म्हणजे कोणाला फितवता येऊ नये. आता गंमत बघा. गोऱ्यांना मराठी येत नाही! तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार होता, घोडे सांभाळणारा, तो रोज साहेबाचा घोडा त्रिंबकजीच्या खिडकीखालून फिरवायचा आणि फिरवता फिरवता गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं गातोय बिचारा. आणि गाण्यात सगळा निरोप, घोडे कुठे उभे आहेत, माणसं कुठे दबा धरून आहेत. १८२५ साली इकडे आलेल्या बिशप हेबरने आपल्या प्रवासाच्या वर्णनात त्या गाण्याचं इंग्रजी रूप दिलंय, त्याचा अर्थ असा की घोडे पंचावन्न आहेत, स्वार चोपन्नच आहेत, पंचावन्नावा कधी चढतोय त्याची वाट आहे. सप्टेंबर १८१६, रात्री भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी पळाला. दोन वर्षांनी परत सापडला, मग त्याला पार चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवला, पण ते पुढचं.

मेव्हणा बराच वेळ भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "चाल कशी असन?" मी म्हटलं काय माहीत, ओवीसारखी असेल, मोटेवरच्या गाण्यासारखी असेल. तर हा माणूस, विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघणारा माणूस, कळव्याच्या पुलावर रविवारी सकाळी अकरा वाजता गुणगुणायला लागला, "पंचावन घोडे रं, चोपन्न गडी", तेच तेच, वेगवेगळ्या चालीवर, मागून रिक्षावाले हॉर्न मारतायत. एक आजोबा मॉर्निंग वॉक उशिरा संपवून चालले होते ते थांबले, ऐकलं आणि पुढे गेले.

आणि मग मी बाकीचं सांगितलं, ते सांगताना मला हसता येत नाही. राघोजी भांगरे, नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातला महादेव कोळ्यांचा पुढारी, इंग्रज आणि सावकार दोघांविरुद्ध उठलेला, त्याला २ मे १८४८ ला याच जेलमध्ये फाशी दिली. आणि १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या प्रकरणात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, तिघांना. कान्हेरे अठरा वर्षांचा. माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा अठरा वर्षांचा आहे, त्याला दाढी नीट येत नाही अजून. सावरकरांना अंदमानला पाठवायच्या आधी इथेच ठेवलं होतं.

सिव्हिल, कोर्ट, कलेक्टर ऑफिस, कामं असतात आपली, या भिंतीला वळसा घालून मी कितीदा गेलोय, आणि माझं डोकं पार्किंग कुठे मिळेल यात.

पुलावरून झूम लावून भिंतीचा फोटो काढता आला असता, दोनशे अडीचशे एमएमला येतो. मी कॅमेरा उचलला पण. मेव्हणा म्हणाला, "राहू द्या ना भाऊजी, पाटी लावली आहे." मी म्हटलं पाटी तिकडे आहे, आपण पुलावर आहोत. तो काही बोलला नाही. मी खाडीचा काढला, एक बगळा चिखलात उभा होता त्याचा. बगळा ओव्हरएक्स्पोज झालाय, नुसता पांढरा ठिपका.

दिवस चौथा, सोमवार

सोसायटीचं झेंडावंदन, जिलेबी-फाफडा, आणि मग घोडबंदरचा किल्ला. घोडबंदर रोडबद्दल ठाणेकराने लिहू नये, वाचणाऱ्याला पण माहीत आहे आणि बीपी वाढतं. सुट्टी असून सव्वा तास. मेव्हण्याने मेट्रोचे खांब मोजायला सुरुवात केली आणि गायमुखच्या आधी सोडून दिलं.

किल्ला मीरा-भाईंदरच्या हद्दीत येतो, पण नाव आमच्या रस्त्याला. अरबांशी घोड्यांचा व्यापार या बंदरातून चालायचा म्हणून घोडबंदर. पोर्तुगीजांचं बांधकाम, ठाणं पडलं त्याच १७३७ च्या मोहिमेत हाही मराठ्यांकडे आला. वर गेलं की खाली खाडी लांबपर्यंत दिसते, वसईच्या दिशेला, जागा का निवडली ते कोणी सांगायला लागत नाही. पाण्याचं टाकं आहे, कमानी आहेत. इथे फोटोला कोणाचीच मनाई नाही. म्हणून मग काय, प्रत्येक कमानीत एक जोडपं, लाल शेपटीवाला लांब गाऊन, रिफ्लेक्टर धरलेला पोरगा आणि "सर, थोडं हसा" म्हणणारा फोटोग्राफर. प्री-वेडिंग! बुरुजावर जायला रांग. मी एका कमानीसमोर वीस मिनिटं उभा राहिलो रिकामी मिळेल म्हणून, शेवटी त्या फोटोग्राफरनेच मला विचारलं, काका तुमचं कधी आहे?

चार दिवसांतले सगळ्यात जास्त फोटो इथले आहेत, एकशे साठ. सगळ्यांत कोणाचा तरी गाऊन आहे. धुरकं पण होतं, खाडी करडी आलीये.

दुपारी लवकर निघालो, मेव्हण्याची रात्रीची नागपूर गाडी होती, तिथून पुढे चंद्रपूर. जेवताना तो कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे सरकवत बघत होता. फुलवाली, बगळा, तलाव, तलाव, बूट (चुकून), चर्चची पोरं, परत तलाव. मग म्हणाला, दिदीला का दाखवाल, हे तर कुठलंही गाव असन. मी म्हटलं हो ना. पण मग त्यानेच रात्री बायकोचा फोन आला तेव्हा स्पीकरवर त्रिंबकजीची गोष्ट सांगितली, घोड्यांसकट, मी सांगितली त्याच्यापेक्षा भारी, मध्येच गाणं. बायको म्हणाली हे काय पिऊन आलात का दोघं.

स्टेशनला त्याला खिडकीची सीट मिळाली. गाडी सुटायला दोन मिनिटं होती, म्हटलं चला एक तरी फोटो स्टेशनवरचा होऊन जाऊ दे, खिडकीतला मेव्हणा आणि मागे ठाणे लिहिलेला बोर्ड, मस्त फ्रेम होती. बॅगेतून कॅमेरा काढला तर तेच शुक्रवारचे वर्दीतले गृहस्थ, पाच पावलांवर. ओळखलं त्यांनी मला. मी कॅमेरा परत बॅगेत घातला. ते गालात हसले आणि पुढे गेले.

गाडी हलली तेव्हा घाईघाईत मोबाईलने काढला. मेव्हणा हात हलवतोय आणि तोंड उघडं आहे, काहीतरी गातोय बहुतेक. बोर्डावर फक्त "ठा" आलाय.

फोटो हललाय.